इंदूरहून लांब पल्ल्याचा बसप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर धुळ्याचं, सासर इंदूरचं, आणि आता मुलगी पुण्यात. गेली सत्तावीस वर्षं मी एबी रोडवरच्या, म्हणजे आग्रा–मुंबई महामार्गावरच्या, गाड्यांमधून जा-ये करते आहे. दिवाळी किंवा मुलांच्या सुट्ट्या जवळ आल्या की राजेंद्र नगरच्या शेजारणींपासून रामबागेतल्या नातलगांपर्यंत सगळ्यांचे तेच प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेल्वे असताना बसने कशाला जायचं?

मुंबईला जायचं असेल आणि अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट पक्कं मिळत असेल, तर रेल्वेनेच जा. पुण्यालाही गाडी आहे. पण या गाड्या रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातचा वळसा घेऊन जातात. धुळे, मालेगाव, येवला, शिर्डी, नगर ही आपल्या निम्म्या लोकांची गावं त्या वाटेवर येतच नाहीत. इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली: लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. त्या मार्गावर गाडी धावेपर्यंत खानदेश आणि नगरकडे जाणाऱ्यांना बसच जवळची.

२. गाडी नक्की कुठून सुटते? सरवटे, गंगवाल की आणखी कुठून?

एसटी, म्हणजे महाराष्ट्राची गाडी, सरवटे बस स्टँडवरून मिळते. रेल्वे स्टेशनपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. धार, झाबुआ आणि पुढे गुजरातच्या बाजूला जाणाऱ्यांनी गंगवाल धरावं. नागपूर, बैतूल, हरदा या बाजूच्या गाड्या नवलखा–तीन इमलीच्या बाजूने निघत आल्या आहेत.

खासगी ट्रॅव्हल्सचा मात्र एक असा स्टँड नाही. छोटी ग्वालटोली, विजय नगर, तीन इमली, राजीव गांधी चौराहा, राऊ असे त्यांचे थांबे असतात. शहरात नवे स्टँड झाले आहेत आणि गाड्यांच्या जागा हलवल्या जात असतात, म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. तिकिटावर लिहिलेला थांबा वाचा आणि त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करा.

राजेंद्र नगर, सुदामा नगर, अन्नपूर्णा या भागातल्या मंडळींनी सामान घेऊन गावात जाऊच नये. पुण्या-मुंबईच्या बहुतेक खासगी गाड्या राजीव गांधी चौराह्यावरून राऊकडे जातात. तिकीट काढतानाच तो थांबा निवडा. सरवट्याचा निवडून ऐनवेळी चौराह्यावर उभं राहिलात, तर गाडी थांबेलच असं नाही.

मुलं विचारतात म्हणून सांगते: स्टँडला नाव आहे ते विनायक सीताराम सरवटे यांचं, आपले तात्या सरवटे. ते स्वातंत्र्यसैनिक होते आणि मध्य भारतातर्फे संविधान सभेचे सदस्य होते.

३. एसटीने जावं की खासगी ट्रॅव्हल्सने?

मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. तेव्हापासून इंदूरहून लांबच्या प्रवासाला मुख्यतः खासगी गाड्या किंवा शेजारच्या राज्यांच्या सरकारी गाड्या.

माझं मत स्पष्ट आहे. शिरपूर, धुळे, अमळनेर, मालेगावपर्यंत दिवसाउजेडी जायचं असेल तर एसटी. ती गावातल्या स्टँडवर उतरवते, भाडं ठरलेलं असतं आणि वाटेतल्या स्टँडांवर खाली उतरायला मिळतं. पुणे-मुंबई असा रात्रभराचा प्रवास असेल आणि पाठ धरत असेल, तर खासगी स्लीपर. आठ-दहा तास ताठ बसून आल्यावर दोन दिवस अंग दुखतं, हे पन्नाशीनंतर ज्याचं त्याला कळतं.

४. कुठल्या रस्त्याने जाते आणि किती वेळ लागतो?

राऊ, मानपूर, धामनोद, खलघाटला नर्मदा, मग ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, आणि घाट उतरला की महाराष्ट्र. पुढे शिरपूर आणि धुळे. धुळ्यापर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर आहे, पाच ते सहा तास धरा. नाशिकला नऊ-दहा तास, पुण्याला आणि मुंबईला बारा ते चौदा.

पुण्याच्या प्रवाशांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी: गाडी नगरवरून जाणार की नाशिकवरून? मालेगाव, मनमाड, शिर्डी, नगर, शिरूर असा रस्ता असेल तर आधी वाघोली, खराडी, येरवडा येतं. नाशिक, संगमनेर, नारायणगाव असा असेल तर चाकण आणि भोसरी आधी. मुलगा चिंचवडला आणि गाडी वाघोलीकडून, अशी गत झाली की पहाटे सबंध पुणं ओलांडावं लागतं. एसटीने गेलात तर शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलेलं आहे, हे घरच्यांना सांगून ठेवा. पुष्कळ जण अजून जुन्या जागी न्यायला जातात.

खलघाटचा पूल आला की गाडीतल्या बायका हात जोडतात, कोणी खिडकीतून नाणं टाकतं. रात्रीच्या एसी गाडीत काच उघडत नाही, तेव्हा माझ्या सासूबाई ते नाणं पदराच्या गाठीला बांधत आणि परतीच्या दिवसाच्या गाडीतून नर्मदेला देत.

५. बर्थ कुठला घ्यावा?

स्लीपर गाडीत एका बाजूला एकेरी बर्थ असतात आणि दुसऱ्या बाजूला जोडीचे, खाली-वर. एकट्याने जाताना एकेरी घ्या. जोडीच्या बर्थवर अर्धी जागा काढली तर शेजारी अनोळखी माणूस झोपणार, आणि मध्ये फार तर एक बारीक कठडा असतो.

गुडघेदुखी, गरोदरपण, लहान मूल, यांपैकी काहीही असेल तर खालचाच बर्थ. वरची शिडी अरुंद असते आणि चालत्या गाडीत उतरताना पाय सटकतो. शेवटच्या दोन ओळी टाळा, मागच्या चाकांच्या पलीकडे दणके जास्त बसतात. झोपताना पाय ड्रायव्हरच्या दिशेला ठेवा. जोरात ब्रेक लागला तर धक्का पायाला बसतो, डोक्याला नाही.

एसीत गाडी देईल त्या चादरीवर विसंबू नका. घरची शाल आणि कानाला रुमाल घ्या, मे महिन्यातसुद्धा.

६. तिकीट किती दिवस आधी काढावं? रोज वेगळं भाडं का दिसतं?

एसटीचं भाडं अंतरावर ठरतं. खासगी गाडीचं मागणीवर, म्हणून शुक्रवारी रात्री आणि रविवारी परतीला ते चढतं. एसी गाडीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी असतो, तो ऑनलाइन तिकीट काढताना शेवटच्या पानावर जोडला जातो आणि आधीचा आकडा स्वस्त वाटतो.

दिवाळीला जाण्याचं तिकीट एक वेळ उशिरा मिळतं, भाऊबीजेनंतर परतीचं मिळत नाही. म्हणून आधी परतीचं काढा. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये खासगी गाड्यांचं भाडं एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केलं आहे. त्याहून जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवून तिकडच्या आरटीओकडे तक्रार करता येते.

७. गाडी रात्री १२.१५ ची आहे. तारीख कुठली धरायची?

या एका प्रश्नावर दरवर्षी कुणाचं ना कुणाचं तिकीट वाया जातं. १५ तारखेची रात्री १२.१५ ची गाडी म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून घराबाहेर पडायचं. पंधराच्या रात्री स्टँडवर गेलात तर गाडी चोवीस तासांपूर्वी गेलेली असते. राऊसारख्या पुढच्या थांब्यावरून चढणाऱ्यांनी जास्त सांभाळा: गाडी शहरातून ११.३० ला, म्हणजे १४ तारखेला निघते, आणि तुमच्याकडे मध्यरात्रीनंतर येते. तिकिटावर गाडी निघण्याची आणि तुमच्या थांब्याची वेळ वेगवेगळी लिहिलेली असते, दोन्ही वाचा. शंका वाटली तर “आज रात्री की उद्या रात्री?” असं सरळ फोनवर विचारा.

८. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना? मग इंदूरहून पूर्ण पैसे का घेतले?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. इंदूर ते बिजासनजवळची सीमा हा तुकडा पूर्ण भाड्याचा आणि पुढचा अर्ध्या. कंडक्टर चुकत नाही, त्याच्याशी वाद घालू नका. ज्येष्ठांच्या सवलतीलाही हद्दीचाच नियम, त्यात ६५ ते ७५ वयाला अर्धं भाडं आणि ७५ च्या पुढे मोफत. वयाचा पुरावा म्हणून मूळ ओळखपत्र जवळ हवं. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. खासगी गाडीत यातलं काहीच लागू नाही.

९. गव्हाचं पोतं, तुपाचा डबा, शेव, हे सगळं गाडीत चालतं का?

हा खास आपला इंदूरचा प्रश्न. पुण्यातल्या लेकीला सीहोरचा शरबती गहू आणि दोन किलो शेव पाठवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही.

खासगी गाडीत एक मोठी बॅग आणि हातातली एक, इतकं सहसा बोलाचालीशिवाय जातं. पोत्याचे वेगळे पैसे मागतात, ते चढण्याआधी ठरवून घ्या. पोतं बॅगेबरोबर ठेवू नका. पावसाळ्यात डिकीत चाकांकडून पाणी येतं, म्हणून गहू आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग पोत्यात भरून तोंड सुतळीने शिवा. गाठ मारलेलं तोंड ओढताना सुटतं. पोत्यावर नाव, उतरण्याचं ठिकाण आणि मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंना. डिकीत टाकताना क्लीनरला ठिकाण सांगा, म्हणजे वाघोलीचं सामान स्वारगेटच्या सामानाखाली गाडलं जात नाही.

तूप डिकीत नको, तिथे इंजिनाच्या उष्णतेने ते पातळ होऊन झाकणातून झिरपतं. इन्सुलिन आणि रोजची औषधं तर कधीच डिकीत ठेवू नका. दागिने, पैसे, कागदपत्रं झोपतानाही उशाशी.

सोबत माणूस नसताना नुसतं पार्सल पाठवायचं असेल तर ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून पावती घ्या. ड्रायव्हरच्या हातात बंद खोकं देऊ नका, आणि दुसऱ्याचं बंद खोकं आपल्या नावावर नेऊ नका.

१०. रात्री बाथरूमचं काय? गाडी थांबवतात का?

बायका हा प्रश्न कुजबुजत विचारतात आणि मग दुपारपासून पाणी पिणं सोडतात. कृपा करून तसं करू नका. उन्हाळ्यात त्याने चक्कर येते आणि लघवीचा त्रास मागे लागतो.

चढतानाच ड्रायव्हर किंवा क्लीनरला विचारा: जेवणाचा थांबा कुठे, आणि त्यानंतर कधी थांबणार? जेवणाला गाडी साधारण धामनोद–जुलवानियाच्या पट्ट्यातल्या ढाब्यावर थांबते. झोप आली असली तरी त्या वेळी उतराच. पुढे धुळ्यापर्यंत दोन-अडीच तास थांबा नसतो. मध्ये गरज लागली तर संकोच न करता पुढे जाऊन सांगा, “दादा, पेट्रोल पंपावर थांबवा.” अंधाऱ्या कडेला नाही, पंपावर. तिथे उजेड असतो आणि बहुधा संडासही. आपण म्हटलं की मागून आणखी चार बायका उठतात, हे मी प्रत्येक प्रवासात पाहिलं आहे. त्या सगळ्या कोणीतरी बोलायची वाट पाहत पडून असतात.

टॉर्च, साबणाचा कागद आणि पायात सहज घालता येतील अशा चपला बर्थवर ठेवा. उतरताना गाडीचा नंबर मोबाइलवर टिपून घ्या. ढाब्यावर एकसारख्या पाच गाड्या उभ्या असतात.

११. मला गाडी लागते. घाटात काय करू?

मानपूरच्या पुढचा गणपती घाट आणि सेंधव्याच्या पुढचा बिजासन, त्रास याच दोन ठिकाणी. पुढच्या भागातली खालची जागा घ्या, घाटात मोबाइल पाहू नका. पोट रिकामं नको आणि तट्टही नको: दशमी आणि कोरडी चटणी, किंवा गूळ-पोळी, एवढं पुरे. तोंडात आवळकाठी किंवा आल्याचा तुकडा. गोळी घ्यायची असेल तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी. घाटात घेतलेली गोळी पोटात ठरत नाही.

१२. मुलगी पहिल्यांदा एकटी जाणार आहे. काय काळजी घ्यावी?

एकेरी बर्थ घ्या (प्रश्न ५). बसायची सीट असेल तर आरक्षणात महिलांसाठी राखलेली घ्या. गाडी सुटण्याआधी मोबाइलवर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर आणि बहुतेक वेळा गाडी कुठे आहे ते दाखवणारी लिंक येते. तो मेसेज तिने घरी पाठवावा, म्हणजे तिला झोपेतून उठवून “कुठवर आलीस?” असं विचारावं लागत नाही.

उतरण्याची जागा पहाटे सहानंतर येईल अशी गाडी निवडा, भाडं शंभर रुपये जास्त पडलं तरी. रस्त्यात काही खटकलं तर ११२ वर फोन, दोन्ही राज्यांत चालतो.

१३. स्लीपर गाड्यांच्या अपघातांच्या बातम्या वाचून भीती वाटते. गाडीत चढल्यावर काय पाहावं?

भीती खोटी नाही. १८ जुलै २०२२ रोजी सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी स्लीपर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती गाडी दाराच्या बाजूवर पडली होती, दार उघडणं शक्य नव्हतं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले.

म्हणून बर्थवर बसल्या बसल्या तीन गोष्टी शोधा. आपत्कालीन दार किंवा खिडकी कुठे आहे. छतातली बाहेर पडायची झडप कुठे आहे. काच फोडायची हातोडी जागेवर आहे की नुसता खिळा उरला आहे. हातोडी नसेल तर तिथल्या तिथे विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर फोटो काढून तक्रार करा. आपत्कालीन दारासमोर कोणी पोती रचली असतील तर हलवायला लावा. मी लावते, आणि गाडीतलं कोणीही त्याबद्दल माझ्यावर रागावलेलं नाही.

लांबच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. रात्रभर एकटाच चालवणार असेल तर ती गाडी घेऊ नका. चढताना घरगुती गॅसची टाकी किंवा फटाके कोणी आणताना दिसले तर गप्प बसू नका.

१४. गाडी वाटेत बिघडली किंवा ऐनवेळी रद्द झाली तर?

गेल्या उन्हाळ्यात जुलवानियाच्या पुढे रात्री पावणेदोनला आमच्या गाडीच्या ब्रेकचा हवेचा पाइप फुटला. चार तास रस्त्याच्या कडेला काढले. दुसरी गाडी येते आहे असं दर अर्ध्या तासाने सांगत होते, ती आली उजाडल्यावर, आणि त्यात निम्म्यांना बर्थच नव्हते. मी पुण्यापर्यंत बसून गेले. त्या रात्री आम्ही एकच बरी गोष्ट केली: सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे, रस्त्यापासून दूर बसवलं. अंधारात उभ्या गाडीला मागून ट्रक ठोकतो. हे आधी करायचं, पैशांचं नंतर.

महामार्गावर मदतीसाठी १०३३. मग वेळ, जागा आणि बंद गाडीचा फोटो काढून ठेवा. कंपनीने स्वतः गाडी रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळायला हवेत. आपण रद्द केली तर जितका उशीर तितकी जास्त कपात. टक्केवारी प्रत्येकाची वेगळी असते, तिकिटावर खाली बारीक अक्षरात असते. बर्थचे पैसे घेऊन सीट दिली तर फरकाची मागणी लेखी करा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी केली, फरक दीड महिन्याने आला.

१५. मला धुळ्याला उतरायचंय. पुण्याची खासगी गाडी घेतली तर चालेल का?

चालेल, पण ती गावात शिरत नाही. रात्री दीड-दोनला नगावबारीला किंवा पारोळा चौफुलीवर उतरवते, आणि तिथून रिक्षा मिळेलच असं नाही. न्यायला कोणी येणार असेल तरच हा मार्ग घ्या. शिवाय खासगी गाडी कायद्याने कंत्राटी वाहन असते, वाटेत हवं तिथे चढवण्या-उतरवण्याचा परवाना एसटीसारख्या टप्पा वाहनाचा. म्हणून वाटेतल्या गावाचं पुष्कळदा शेवटपर्यंतचं भाडं घेतात. माहेरी मी स्वतः सकाळच्या एसटीनेच जाते.

१६. गोवा, बेंगळुरूपर्यंत बसने जाता येईल का?

येईल, पण एका दमात नको. रात्रीच्या गाडीने पुणं गाठा, दिवसभर नातलगांकडे अंघोळ, जेवण, झोप, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढची गाडी. पुण्याहून बेंगळुरू साधारण साडेआठशे किलोमीटर आहे. दोन तिकिटांमध्ये किमान सहा तास ठेवा. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी कंपनी पैसे परत देत नाही.

१७. अस्थी घेऊन नाशिकला जायचंय. बसमध्ये नेता येतात का?

नेता येतात. हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुधा कापत असतो, म्हणून थोडक्यात सांगते. कलशाचं तोंड कापडाने घट्ट बांधून तो कापडी पिशवीत ठेवा आणि मांडीवर किंवा जवळ धरा. डिकीत देऊ नका, वरच्या फळीवरही नको. सोबत एक माणूस हवाच, म्हणजे थांब्यावर आळीपाळीने उतरता येतं. स्लीपरमध्ये जोडीचा खालचा बर्थ दोघांत घ्या. कोणाला काही सांगायची गरज नाही. कोणी विचारलं तर खरं सांगा, लोक जागा करून देतात.

धुळ्याकडून येणारी गाडी पंचवटीच्या बाजूने नाशिकात शिरते. आडगाव नाक्यावर उतरलात तर रामकुंड जवळ पडतं, द्वारकेला उतरलात तरी रिक्षा मिळते. पहाटे पोचलात तर उजाडेपर्यंत थांबा, आणि गुरुजींना आदल्या दिवशीच फोन करून ठेवा.